शाळेच्या पोरांची रग्बी टीम चालवायचीय? युटाच्या लॅरी गेलविक्सकडून काय उचलायचं आणि काय सोडून द्यायचं

आधी आकडा सांगून मोकळा होतो, कारण या माणसाचं नाव निघालं की सगळे तिथेच अडकतात. ४१८ मॅच जिंकल्या, १० हरल्या, २० वेळा राष्ट्रीय विजेतेपद. १९७६ ते २०११, अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीतली हायलँड हायस्कूलची पोरं आणि कोच लॅरी गेलविक्स. म्हणजे साधारण साडेतीन वर्षांतून एकदा हरायचे. २००८ मध्ये यावर एक हॉलिवूडचा सिनेमा पण आला, आणि तेव्हापासून जगभरातले शाळेचे कोच लोक याच्या भाषणांचे व्हिडिओ बघून आपापल्या पोरांना तेच ऐकवत असतात.

माझं म्हणणं असं की त्याची भाषणं कॉपी करणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात बिनकामाचं आहे. कॉपी करायचे ते त्याचे नियम आणि त्याचं टाइमटेबल. आणि रेकॉर्ड तर विसरूनच जा, का ते सांगतो.

गेलविक्स मॉर्मन, म्हणजे सॉल्ट लेक सिटीत मुख्यालय असलेल्या एका अमेरिकन ख्रिस्ती पंथाचा. त्या चर्चच्याच ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीत शिकला, तिथेच रग्बी खेळला. सत्तरच्या दशकात अमेरिकेत शाळेच्या लेव्हलला रग्बी जवळजवळ नव्हतीच, अंगापिंडाने दणकट पोरगा दिसला की तो अमेरिकन फुटबॉलला जायचा, त्यामुळे सुरुवातीच्या काळात समोरच्या टीमा फार तगड्या नव्हत्या हे मान्य करायला लागतं. दुसरं म्हणजे सॉल्ट लेक सिटीत टोंगा, सामोआ, हवाई, न्यूझीलंडकडच्या लोकांची मोठी वस्ती आहे. हे लोक तिथे आले कसे? तर मॉर्मन मिशनरी १८८८ ला सामोआत आणि १८९१ ला टोंगात जाऊन बसले, तिकडचे बरेच लोक मॉर्मन झाले, आणि मग पुढच्या पिढ्यांतली कुटुंबं चर्चच्या ओढीने आणि कामधंद्यासाठी युटात येत राहिली. या घरांमध्ये रग्बी अंगणातच खेळली जाते. हलोटी नगाटा हे नाव अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्यांना माहीत असेल, बाल्टिमोर रेव्हन्सचा तो अवाढव्य खेळाडू, तो पण याच हायलँडमध्ये रग्बी खेळून गेलेला. आता असली पोरं गल्लीत राहत असतील तर कोचचं निम्मं काम झालेलंच असतं.

म्हणून पहिली पायरी ही, की आपल्या गल्लीत काय आहे ते बघा. तुम्ही युटात असाल (लीहाय शहरात अ‍ॅडोबी कंपनीत वगैरे आपली बरीच मंडळी आहेत, पोरं तिथल्या शाळेत जातात आणि एक दिवस घरी येऊन म्हणतात बाबा मी रग्बीला नाव दिलंय) तर तुमच्याकडे ती टोंगन-सामोअन पोरं आहेतच. महाराष्ट्रात असाल तर कबड्डीवाली पोरं आहेत, तालमीतली आहेत, खो-खोची आहेत. खो-खोच्या पोरांचं वाकून दिशा बदलणं रग्बीत सोन्यासारखं चालतं, पैलवान पोरगा स्क्रमच्या (दोन्ही टीमा वाकून एकमेकींना ढकलतात त्याच्या) पहिल्या ओळीत घाला. पण कबड्डीवाल्यांचं एक लफडं आहे, त्याच्यावर खाली येतो.

आधी स्वतःचं पोट, मग टीम

गेलविक्सची नोकरी कोचची नव्हती. त्याची ट्रॅव्हल कंपनी होती, रेडिओवर प्रवासाचा कार्यक्रम करायचा, आणि कोचिंग हा त्याचा हौसेचा भाग. अमेरिकेत शाळेची रग्बी बहुतेक ठिकाणी क्लबसारखीच चालते, शाळेच्या फुटबॉल-बास्केटबॉलसारखं तिला बजेट नसतं. त्यामुळे जर्सी, प्रवास, मैदान या सगळ्याचा पैसा पालक आणि ओळखीपाळखीतून उभा करायला लागतो. तुमचंही तसंच होणार आहे. तर कोच व्हायच्या आधी बायकोबरोबर किंवा नवऱ्याबरोबर बसा, आठवड्याचे कुठले तीन दिवस आणि किती तास देणार ते ठरवा, आणि ते पाळा. फुकट काम करणारा कोच पहिल्या वर्षी उत्साहात सहा दिवस मैदानावर असतो आणि दुसऱ्या वर्षी गायब होतो, हे प्रत्येक खेळात बघायला मिळतं.

इथे मॉर्मन लोकांची एक गोष्ट खरंच घेण्यासारखी आहे. त्यांच्यात रविवार म्हणजे रविवार, खेळ नाही, धंदा नाही, चर्च आणि घर. ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीच्या टीमा तर आजही रविवारी मॅच खेळत नाहीत, मग स्पर्धा कुठलीही असो. सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखून ठेवायची पद्धत आहे. आणि त्यांच्या स्थानिक चर्चमध्ये पगारी धर्मगुरू नसतोच, गल्लीतला दातांचा डॉक्टर किंवा अकाउंटंट काही वर्षं बिशप म्हणजे तिथल्या चर्चचा प्रमुख होतो, नोकरी सांभाळून, फुकट. म्हणजे फुकट काम वेळापत्रकात बसवून वर्षानुवर्षं करत राहायची सवय या समाजाला लहानपणापासून असते. छत्तीस सीझन बिनपगारी कोचिंग कसं जमलं याचं निम्मं उत्तर मला तरी इथे दिसतं.

युटात टीमला मदत करणार असाल तर हे टाइमटेबल डोक्यात ठेवा. रविवारी प्रॅक्टिस लावू नका, सोमवारी संध्याकाळी शक्यतो लावू नका, आठवड्याच्या मध्ये एक संध्याकाळ चर्चच्या तरुण मुलांच्या कार्यक्रमाची असते ती विचारून घ्या. सीझन वसंतात असतो, मार्चमध्ये बर्फ पडू शकतो, त्यामुळे एक जिम किंवा हॉल आधीच बोलून ठेवा. आणि सकाळच्या थंडीत मॅच असेल तर आपण लगेच थर्मास भरून चहा घेऊन जातो, ते करू नका, चहा-कॉफी दोन्ही त्यांना वर्ज्य आहे. गरम चॉकलेट न्या, पाच मिनिटांत संपतं. कोल्ड्रिंक मात्र चालतं, चालतं म्हणजे काय, बादली-बादली पितात.

नियम: मोजकेच ठेवा, पण ते खरे असू देत

गेलविक्सच्या टीमचा गाभा हा. दारू नाही, सिगारेट-तंबाखू नाही, ड्रग्ज नाहीत. आणि एक मोठा नियम, की असं काही करायचं नाही ज्याने तुझी, तुझ्या घरच्यांची किंवा टीमची मान खाली जाईल. बस. आणि हे सगळ्यांना सारखं, स्टार पोरगा असो की बेंचवर बसणारा.

आता कोणी म्हणेल मॉर्मन पोरांना दारू नको म्हणणं काय अवघड आहे, १८३३ पासून त्यांच्या धर्मातच ते लिहिलंय. बरोबर आहे, त्याला वारं पाठीमागून होतं. पण टीममध्ये सगळेच मॉर्मन नव्हते, आणि सोळा-सतरा वर्षांचं पोरगं कुठल्याही धर्माचं असलं तरी सोळा-सतराचंच असतं. फरक पडतो तो नियम मोडल्यावर तुम्ही काय करता याने, आणि इथेच आपल्याकडचे कोच गळपटतात. सेमीफायनलच्या आदल्या दिवशी बेस्ट खेळाडू सापडला की “जाऊ दे, पोरगं आहे, पुढच्या वेळी बघू.” त्या दिवशी नियम मेला असं समजा, उरलेल्या बावीस पोरांनी ते बघितलेलं असतं.

तर करायचं असं. सीझनच्या आधी पालकांना बोलवा, नियम मराठीत (किंवा घरात जी भाषा असेल तीत) एका कागदावर लिहा, मोडला तर काय होणार ते पण तिथेच लिहा, म्हणजे पहिल्यांदा दोन मॅच बाहेर, दुसऱ्यांदा सीझन बाहेर वगैरे, तुमचं तुम्ही ठरवा, आणि पोरगा-पालक-कोच तिघांच्या सह्या. महाराष्ट्रात गुटखा आणि मावा हे शब्द लिहूनच टाका. राज्यात गुटख्यावर बंदी २०१२ पासून आहे पण शाळेच्या बाहेरच्या टपरीवर काय चालतं ते तुम्हाला पण माहितीये, आणि “तंबाखू नाही” एवढंच लिहिलं तर पोरं म्हणतात सर तो मावा होता. शिक्षा दिलीत तरी पोराला टीममधून तोडू नका, त्याने प्रॅक्टिसला यायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, खेळायचं नाही. आणि त्याच आठवड्यात त्याच्या घरी जाऊन या. भाषण द्यायला नको, चहा प्यायला जा (युटात असाल तर लिंबू सरबत).

एक सावधानता. हे नियम धर्माच्या नावाने देऊ नका. त्या टीममागे त्या समाजाची श्रद्धा होती हे खरं, पण तुमच्या टीममध्ये पाच घरची पाच पोरं आहेत. कारण साधं ठेवा: दमसास लागतो, दुखापत होते, आणि पंधरा जणांना एकमेकांवर भरवसा ठेवायचाय.

“आत्ता काय महत्त्वाचं?”

हा प्रश्न तो पोरांना सतत विचारायला सांगायचा, मैदानावर आणि बाहेर पण. ऐकायला भिंतीवरच्या पोस्टरसारखं वाटतं, मला पण वाटलं, पण याचा वापर फार ठोस आहे. समोरच्यांनी ट्राय केला, म्हणजे तुमच्या गोललाइनपलीकडे बॉल टेकवून पॉइंट मिळवले, की नियमाप्रमाणे तुमची पोरं गोलपोस्टच्या मागे उभी राहतात आणि त्यांचा किकर कन्व्हर्जन म्हणजे जादा पॉइंटांची किक मारतो. तो मिनिट-दीड मिनिट फार वाईट असतो, एकमेकांवर ओरडणं सुरू होतं, तू टॅकल का सोडलास (टॅकल म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडणं), तू कुठे होतास. तर तेव्हा फक्त कॅप्टन बोलणार, आणि फक्त पुढच्या एका गोष्टीबद्दल बोलणार. “किकऑफ उंच मारतोय, दोन नंबर आणि पाच नंबर चेस करणार.” संपलं. झालेल्या ट्रायचा विषय सोमवारी, किंवा युटात मंगळवारी. हे प्रॅक्टिसमध्ये मुद्दाम करून घ्यायचं, पाच-पाच वेळा, खोटा ट्राय देऊन, नाहीतर मॅचमध्ये आठवत नाही.

प्रॅक्टिस, आणि ते कबड्डीचं लफडं

दीड तासाची प्रॅक्टिस पुरते. पहिली दहा मिनिटं टच रग्बी (पाडायचं नाही, नुसता हात लावायचा), त्यात अंग गरम होतं आणि पास फक्त मागेच द्यायचा ही सवय लागते, आपल्याकडच्या पोरांना हे सगळ्यात जास्त चुकतं कारण फुटबॉल-बास्केटबॉल दोन्हीत पुढे देता येतो. मग पास आणि कॅच वीस मिनिटं. चौदापर्यंतच्या पोरांना चार नंबरचा बॉल द्या, त्याच्या वर पाच नंबर, छोट्या हातात मोठा बॉल देऊन पासिंग बिघडवू नका.

मग टॅकल, आणि इथे वेळ घालवा. घाई केलीत तर पोरगं हॉस्पिटलमध्ये जाईल. कबड्डीत पकड करताना पोरगं घोट्यावर झेप घेतं आणि डोकं कुठे आहे याचा विचार करत नाही, कारण समोरचा रेडर छोट्या जागेत असतो, फुल स्पीडला पळत येत नसतो. तीच सवय घेऊन रग्बीत आला तर डोकं बरोबर समोरच्याच्या गुडघ्यापुढे जातं. म्हणून सुरुवात दोघांनी गुडघ्यावर बसून करायची. समोरच्याच्या मांडीवर खांदा, डोकं त्याच्या पाठीच्या बाजूला, इतकं जवळ की गाल त्याच्या ढुंगणाला चिकटला पाहिजे (पोरं हसतात, हसू द्या, लक्षात राहतं), दोन्ही हात मागून गुंडाळून घट्ट आवळायचे, डोळे उघडे, मान ताठ, आणि मग दोघं बाजूला पडायचं. हे उजव्या खांद्याने नीट आलं की डावा. मग टॅकल करणारा गुडघ्यावर आणि समोरचा चालत, मग दोघं चालत, मग जॉगिंग. फुल स्पीडला तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आधी जाऊ नका. खांद्याच्या वर टॅकल म्हणजे पेनल्टी, आणि कार्ड पण निघू शकतं. हात न गुंडाळता नुसता खांदा मारणं पण तसंच. शाळेच्या पोरांना मी तर कमरेच्या वर जाऊच नका सांगतो.

स्क्रम शिकलेल्या माणसाशिवाय शिकवू नका. रेफरी तीन हाका देतो, वाका, बांधा, लागा या क्रमाने, आणि १९ वर्षांखालच्या मॅचमध्ये दीड मीटरपेक्षा जास्त ढकलायची परवानगीच नाही, हे पैलवान पोराला आधीच सांगून ठेवा. मॅच पण त्या वयात ७० मिनिटांच्या वर नसते. वर्ल्ड रग्बीचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत, टॅकलचा, नियमांचा, डोक्याच्या दुखापतीचा, ते कोचने आणि एका पालकाने तरी करायचेच. महाराष्ट्रातल्यांनी राज्य संघटनेला गाठा, भारतीय रग्बीचं ऑफिस मुंबईत आहे, बॉम्बे जिमखान्यात तर हा खेळ कित्येक पिढ्या चालू आहे, शिकवणारी माणसं मिळतात. गेल्या काही वर्षांत पोरांना टीव्हीवर बघायला पण मिळायला लागलंय, २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीला रग्बी प्रीमिअर लीग झाली तेव्हा बऱ्याच जणांनी हा खेळ पहिल्यांदा पाहिला. पण ती सात जणांची रग्बी. नवीन शाळेने सातचीच करावी असं माझं मत आहे, पंधरा पोरं आणि वर बेंच जमवायला वर्ष-दोन वर्षं जातात.

आणि डोक्याला मार बसला, पोरगं गडबडलं, एक क्षण जरी विचित्र बघायला लागलं, तर बाहेर. त्या दिवशी परत आत नाही, फायनल असली तरी नाही, तो स्वतः सर मी ठीक आहे म्हणाला तरी नाही, तो म्हणणारच. डॉक्टरने लेखी दिल्याशिवाय कॉन्टॅक्ट प्रॅक्टिस पण नाही. दातांचा माउथगार्ड नसेल तर त्या दिवशी फक्त टच. यावर चर्चा करायचीच नाही.

हाका करायचा का?

हायलँडची पोरं मॅचआधी हाका, म्हणजे न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा पाय आपटत ओरडत करायचा नाच, करायची, आणि व्हिडिओ बघितले की प्रत्येकाला वाटतं आपण पण करू. थांबा जरा. त्यांच्याकडे तो पॉलिनेशियन (टोंगा, सामोआ, न्यूझीलंडकडच्या) घरांतल्या पोरांबरोबर आला होता. तो सगळ्यात फेमस “का माते” हाका तेराऊपराहा नावाच्या माओरी सरदाराने १८२० च्या सुमारास रचलेला आहे, आणि न्यूझीलंडने २०१४ मध्ये कायदा करून त्याचं श्रेय त्याच्या नगाती तोआ जमातीला दिलंय. यूट्यूब बघून जीभ बाहेर काढत नाचण्यात काही अर्थ नाही. टीममध्ये त्या घरचं पोरगं असेल, त्याच्या घरची मोठी माणसं शिकवायला तयार असतील, तर जरूर करा, अर्थ समजून करा. नसेल तर आपलं काहीतरी शोधा, आपल्याकडे घोषणांची कमी कधीच नव्हती, फक्त टीममधल्या प्रत्येक पोराला मनापासून म्हणता येईल अशी निवडा. शाळेचं नाव तीनदा ओरडलात तरी चालतं.

दौरे

१९९८ मध्ये हायलँडची टीम झिम्बाब्वेला जागतिक शालेय स्पर्धेला गेली आणि तिसरी आली. अमेरिकेतली एक शाळेची टीम, तेही त्या काळात. कोचची ट्रॅव्हल कंपनी असण्याचा इथे काय फायदा असेल ते सांगायला नकोच. आपल्याला झिम्बाब्वे नको, पुण्याहून मुंबईला किंवा कोल्हापूरहून पुण्याला जा, पण वर्षातून एक मुक्कामी दौरा करा. आई-वडिलांची लेखी परवानगी, प्रत्येक पोराच्या औषधांची आणि अ‍ॅलर्जीची यादी, विमा, दोन मोठी माणसं कायम बरोबर, आणि जेवणाची सोय आधी ठरलेली. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचं तिकीट बाकीच्यांना न कळता भरलं गेलं पाहिजे, हे काम एका पालकाकडे द्या आणि परत त्याचा विषय काढू नका. खेळवायचं पण सगळ्यांना. नुसता बेंचवर बसून आलेला पोरगा पुढच्या वर्षी येत नाही.

सोडायचं कसं

याबद्दल कोणी लिहीत नाही. २०११ च्या सीझननंतर गेलविक्स थांबला. चर्चने त्याला कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या मिशनचं (धर्मप्रचाराच्या केंद्राचं) अध्यक्षपद दिलं, हे काम तीन वर्षांचं असतं, बायकोसह तिकडे जाऊन राहायचं आणि घरापासून लांब आलेल्या वीस-एकवीस वर्षांच्या मिशनरी पोरापोरींचं बघायचं. एका अर्थी पुन्हा कोचिंगच, फक्त बॉल नाही. पण टीमच्या बाजूने विचार करा, छत्तीस सीझन एकच माणूस आणि मग अचानक तो नाही.

तुम्हाला चर्च बोलावणार नाही पण ट्रान्सफर होईल, प्रोजेक्ट बदलेल, गुडघा जाईल, आई आजारी पडेल. म्हणून तिसऱ्या वर्षापासून एक असिस्टंट धराच, शक्यतो आपल्याच टीममधून पास होऊन गेलेला पोरगा. युटात हे सोपं पडतं, अठरा-एकोणीसला मिशनवर गेलेली पोरं दोन वर्षांनी परत येतात, शिस्तीत राहायची सवय झालेली असते आणि मैदानाची भूक पण असते. त्याला आधी फक्त वॉर्मअप द्या, मग टॅकलचं सेशन, मग एक अख्खी मॅच, तुम्ही स्टँडमध्ये बसा आणि तोंड बंद ठेवा, हे फार अवघड जातं. बाकी कागद एका फायलीत ठेवा: पालकांचे नंबर, सह्या केलेले नियम, विम्याचे पेपर, मैदानाच्या बुकिंगवाल्याचा नंबर, बॉल आणि जर्सी किती आहेत त्याची यादी, कोणाला कधी डोक्याला लागलं होतं त्याची नोंद तारखेसकट. ही फाइल दर सीझनच्या शेवटी असिस्टंटबरोबर बसून अपडेट करायची आणि एक कॉपी त्याच्या घरी ठेवायची.